रखमाजी चढला ती शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शिडी आहे. आंबे उतरवणारी नव्हे हं, लढाऊ विमानात वैमानिक चढवणारी. त्यामुळे माझा तोरा काही कमी नाही.

कारखान्यात घडले, रंगले आणि थेट सीमेजवळच्या हवाई तळावर गेले. परतूरचे रामकिसन साहेब माझ्यावरून विमानात चढत. मला सांभाळायचा विमानाचा मेकॅनिक, रखमाजी. साहेब आत बसले, की तो मला खांद्यावर टाकून बाजूला होई आणि विमान आभाळात झेपावे. मी मात्र जमिनीवरच. वाट पाहण्यात माझी निम्मी हयात गेली.

एकाहत्तरचे युद्ध सुरू झाले आणि काय सांगू, तळावर नुसती धांदल उडाली. एके दुपारी साहेबांचे विमान परतले, ते शेपटीतून धूर ओकतच. धावपट्टीच्या टोकाला थांबले, पण वरचे काचेचे झाकण काही उघडेना. आत साहेब मुठी आपटत होते. सगळे रखमाजीला मागे बोलावत होते, पण ऐकतो कोण? मला घेऊन तो सुसाट धावला. तापलेल्या विमानाला मला टेकवून सरसर वर चढला, कुऱ्हाडीने झाकण फोडले आणि साहेबांना ओढून बाहेर काढले. एका हाताने साहेबांना आणि दुसऱ्याने मला ओढत तो दूर झाला न झाला, तोच विमान भडकले. रखमाजीचे दोन्ही तळहात भाजले होते. पुढे त्या दोघांना पदके मिळाली, मला रंगाचा नवा हात मिळाला. मी त्यावरही खूश होते.

ती विमाने निवृत्त झाली, तेव्हा साहेबांनी मला मागून घेतले आणि परतूरच्या शेतावर आणले. कापसाच्या ढिगावर चढायला मी उपयोगी पडे. मग रखमाजी वारला, साहेब थकले आणि मी गोठ्यामागे गंजत पडले.

यंदा गोठा झाडताना साहेबांच्या नातवाने, आदिनाथने, मला भंगाराच्या टेम्पोत टाकले. मी पोचले जालना एमआयडीसीत, लोखंड वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यात. क्रेनच्या लोहचुंबकाने मला मोडक्या खाटांसह उचलले. मित्रांनो, आयुष्यभर दुसऱ्यांना आभाळात धाडले आणि स्वतः पहिल्यांदा उडाले ते भट्टीकडे. खाली लालभडक लोखंड उकळत होते. माझी पाचावर धारण बसली.

एवढ्यात आवारात मोटारसायकल थांबली. गोठ्यामागची माझी जागा रिकामी दिसताच साहेब तडक निघाले होते म्हणे. आदिनाथच्या मागून ऐंशी ओलांडलेले साहेब उतरले, क्रेनसमोर गेले आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून उभे राहिले. विमान थांबवायची ती खूण क्रेनवाल्यालाही कळली. मी हवेतच थांबले.

"बाबा, एका शिडीपायी जीव देऊन राह्यले का?" एका कामगाराने विचारले.

मला खाली उतरवले, तेव्हा आदिनाथ ओशाळून म्हणाला, "आबा, बिलकुल गंजली व्हती. टेम्पोवाला आल्ता, मंग देऊन टाकली. मला काय म्हाईत?"

साहेबांनी माझ्या पायरीवर हात ठेवला. "पोरा, हिच्यावरून रखमाजी आगीत वर चढला, म्हून मी खाली उतरलो. मी उतरलो नसतो तर तुझा बाप न्हाई, अन् तूबी न्हाई."

 आदिनाथ माझ्याजवळ बसला आणि रुमालाने माझ्या पायऱ्यांवरची माती पुसू लागला.

मित्रांनो, अडगळ जरूर काढा. फक्त भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.