बाराव्या मशीनमधला आवाज

आंधळगावात कृष्णरावांचं घर विचारलं, की लोक आधी त्यांच्या आवाजाची नक्कल करून दाखवत आणि मग हाताने वाट दाखवत. तीस वर्षं त्यांनी आवाजावर पोट भरलं होतं. नाटकांच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती केल्या, नागपूरच्या स्टुडिओत कार्टूनमधल्या म्हाताऱ्या वाघालाही आवाज दिला. काम थांबलं तेव्हा एकच नाद मागे उरला, पिनबॉलच्या मशिनी गोळा करण्याचा.

जत्रेत या मशीनला गोळीची मशीन म्हणत. खाटेएवढं उतरतं टेबल, वर काच, आत एक लोखंडी गोळी. दोन्ही बाजूंना एकेक बटण असतं. ते दाबलं की खालची छोटी फळी उसळते आणि घरंगळत आलेल्या गोळीला परत वर हाणते. घरामागच्या धानाच्या कोठीत अशा अकरा मशिनी ओळीने उभ्या होत्या. कृष्णराव खेळत कमी आणि ऐकत जास्त. प्रत्येकीची घंटा वेगळी, आणि डोळे मिटूनही ते कोणती वाजते आहे ते सांगत.

मागच्या उन्हाळ्यात शकुंतलाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईल, पण हळूहळू. त्यांना बोलतं ठेवा."

कृष्णरावांनी हे काम मनावर घेतलं. त्यांच्या धंद्यात वाक्य स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा घेतात. त्यांना तीच एक रीत ठाऊक होती. रोज सकाळी दहाला ते बायकोला रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवत, समोर माइक ठेवत. शकुंतलाबाई मोठ्या कष्टाने म्हणत, "चा." कृष्णराव म्हणत, "चहा. परत." त्या घाम पुसत आणि परत म्हणत. पहिल्या महिन्यात बारा शब्द आले. दुसऱ्या महिन्यात त्यातले पाच गळाले. दसऱ्यानंतर त्यांनी तोंड उघडणंच सोडून दिलं.

मोहाडीच्या शाळेत शिकवणारी मुलगी तृप्ती आली, की बापावर चिडायची. "बाबा, तिले बोलू द्या ना! चा म्हटलं त चा. तुमाले समजलं ना?"

"समजलं. पण चुकीचं तोंडात बसलं त निघत नाही, पोरी."

"ते का जाहिरात करून राहिली का?"

कृष्णरावांच्या मनात एक विचार घर करून बसला होता. शकू आपला आवाजच विसरली आहे. तिला तो ऐकवला, तर वाट सापडेल. पण ऐकवायचा कुठून? लग्नानंतर काही वर्षं तीही त्यांच्यासोबत जाहिराती करायची. मात्र कॅसेट महाग म्हणून काम झालं की त्याच कॅसेटवर ते पुढचं काम भरत. शकुंतलाबाईंचा आवाज त्यांनी स्वतःच्याच आवाजाखाली पुरून टाकला होता.

एकच कॅसेट सुटली होती. बत्तीस वर्षांपूर्वी तुमसरच्या कवडूने माडगीच्या जत्रेत गोळीची मशीन लावली होती आणि तिच्या पोटात एक टेपरेकॉर्डर बसवला होता. गोळी मधल्या भोकात पडली, की शकुंतलाबाईंचा आवाज शाबासकी द्यायचा. तो ऐकायला लोक रांग लावत.

कृष्णराव तुमसरला गेले. कवडूचं घर राईस मिलच्या मागे. मशीन ओसरीत ताडपत्रीखाली होती आणि तिच्यावर तांदळाची पोती रचली होती.

"अकरा झाल्या ना बे तुह्या?" कवडू हसला. "आता का घरातच जत्रा भरवतं?"

"हे शेवटची."

"दारुड्याची पण रोज शेवटचीच असते. ने बाप्पा, ने. सून रोज म्हनते, मामाजी, हा पेटारा हटवा नाहीतर मी हटते." मग तो गंभीर झाला. "वहिनी कशा हायेत?"

"बोलत नाही."

कवडूने पोती उतरवून ताडपत्री सारली. टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून त्याने कॅसेटच्या खिडकीवरचा लाल नखपॉलिशचा ठिपका दाखवला. "ओळ वाजली का मी कॅसेट मांगं घेऊन या खुणेवर आणत होतो. खुणेवरच ठेव. मांगं नको नेऊ."

"काहून?"

"तूच ठेवली होती ना खूण? मले का माहीत."

कृष्णरावांना काही आठवलं नाही. मशीन घरी आणून ते पंधरा दिवस तिच्यामागे लागले. टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलला, टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं, दुसरीच कॅसेट लावून तपासलं. शकूचा आवाज मात्र त्यांनी ऐकला नाही. तो पहिल्यांदा तिनेच ऐकावा, असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटी त्यांनी पेन्सिलीने कॅसेट मुळापर्यंत मागे गुंडाळली. कॅसेट सुरुवातीपासूनच लावायची, हा स्टुडिओतला तीस वर्षांचा शिरस्ता. लाल ठिपका आणि कवडूचं बोलणं ते त्या नादात विसरूनच गेले.

रविवारी दुपारी तृप्तीने आईला धरून कोठीत आणलं. मशीनपाशी उंच स्टूल ठेवून बसवलं. डावं बटण शकुंतलाबाईंच्या डाव्या हाताखाली आलं. उजव्या बाजूला कृष्णराव उभे राहिले.

"इकडचं मी पाहतो," ते म्हणाले. "तू तिकडचं पाह्य."

पहिल्या चार गोळ्या वाया गेल्या. पाचवी शकुंतलाबाईंनी अशी नेमकी हाणली, की ती वर जाऊन दोन खुंट्यांवर आपटली आणि सरळ मधल्या भोकात पडली. टेपरेकॉर्डर खटकन सुरू झाला. थोडी खरखर झाली, आणि एक तरणा, हसरा आवाज कोठीभर पसरला.

"वा रे पठ्ठ्या! मारली बाजी! अजून एक—"

शकुंतलाबाईंनी मान वर केली. तृप्तीचे डोळे भरून आले. आईचा असा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

आणि मग टेपवर एक पुरुष बोलला. "थांब. श्वास ऐकू आला. परत."

"वा रे पठ्ठ्या! मारली—"

"परत. हसू नको मधात."

"वा रे पठ्ठ्या—"

"शकू, लक्ष कुठी हाये तुहं? परत!"

तो आवाज कृष्णरावांचाच होता, तरुणपणीचा. त्यांनी तो लगेच ओळखला. आता दर वेळी तिच्या बोलण्यातलं हसू थोडं थोडं कमी होत होतं, आणि ही गोष्ट स्टुडिओतल्या त्या तरण्या माणसाला ऐकू येत नव्हती. श्वास मात्र ऐकू येत होता. सातव्या वेळेनंतर टेपवर बराच वेळ काहीच नव्हतं. मग टेपवरची शकू हळूच म्हणाली, "मी नाई बोलत आता. तुमीच बोला."

कृष्णरावांनी टेप बंद करायला हात पुढे केला. शकुंतलाबाईंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. पकड सैल होती, पण कृष्णरावांनी हात सोडवून घेतला नाही. तिघंही ऐकत राहिले. लाल ठिपक्याची जागा आली आणि ती ओळ वाजली, जत्रेने वर्षानुवर्षं ऐकलेली. स्वच्छ होती. एकही श्वास नव्हता.

टेप थांबला. बाहेर कोणाच्या तरी मळणीयंत्राचा आवाज चालू होता.

"शकू," कृष्णराव म्हणाले. "मी चुकलो. तेव्हाही, आन् आताही."

शकुंतलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. तृप्तीला वाटलं, आई रडेल. ती रडली नाही. तिने मनगट सोडलं आणि डावं बटण दाबलं. फळी रिकामीच उसळली. टेबलावर गोळी नव्हती.

ओठ हलले. जबडा एका बाजूला ओढला गेला. तिने मोठा श्वास घेतला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"प... त."

मधलं अक्षर वाटेतच कुठेतरी राहून गेलं होतं. कृष्णरावांचं तोंड सवयीने उघडलं. त्यांनी ते मिटलं. खाली वाकून भोकातून मशीनच्या पोटात पडलेली गोळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि तिच्यासाठी परत लावली.