सुरय पक्ष्यांचं बेट

"दोन महिन्यांनी राहायला जायचंय त्या घराच्या मालकीणबाईंनी बजावलंय, मांजर चालणार नाही," बायकोने निक्षून सांगितलं, तेव्हा शिंपीदादांचं मशीन थांबलं. चार वर्षं घरात वाढलेली मनी. सोडायची कुठे? रस्त्यावर सोडली तर कुत्री फाडतील. मग त्यांना खाडीपलीकडचं राखीव बेट आठवलं. माणूस ना काणूस, नुसते पक्षी. बिचारी उपाशी तरी मरणार नाही! रविवारी मित्राची होडी घेऊन ते मनीला तिथे सोडून आले आणि आपण भूतदयाच केली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

महिन्याभराने बेटाचे म्हातारे राखणदार उसवलेला गणवेश घेऊन दुकानात आले. एरवी थट्टेशिवाय न बोलणारा माणूस, आज गप्प.

"काका, बरं नाही का?"

"कुणीतरी बेटावर मांजर सोडलीय रे. आमचे सुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात. तिथे पायांनी चालत येणारा वैरी नाही, म्हणून तर इतक्या लांबून येतात! आठवड्यात साठ पिल्लं गेली. उरलेले पक्षी अंडी टाकून उडाले."

शिंपीदादांच्या बोटात सुई रुतली. "पण मांजरीचा काय दोष?"

"काहीच नाही! ती आपल्या स्वभावाला जागली. दोष सोडणाऱ्याचा. आपल्या घरातली अडचण उचलायची आणि दुसऱ्याच्या घरात टाकायची! माणूस राहत नाही म्हणून जागा रिकामी असते का?"

"काका... ती माझी मनी आहे."

राखणदारांनी हातातला गणवेश टेबलावर ठेवला. म्हणाले, "उद्या सकाळी चल. पिंजऱ्यात ती सापडत नाही. तुझ्या हाकेला येईल."

दुसऱ्या दिवशी बेटावर, एरवी जिथे कलकलाटाने कान किटायचे, तिथे नुसता वारा होता. शिंपीदादांनी वाळूतल्या एका अंड्याला बोट लावलं. थंडगार!

"मने..."

झुडपातून मनी धावत आली आणि त्यांच्या पायाला अंग घासू लागली. तिला कसला राग नाही, रुसवा नाही! शिंपीदादा वाळूत बसून लहान मुलासारखे रडले.

मनीला कुशीत घेऊन ते घरी आले. बायकोने काही बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा पाहून हळूच म्हणाली, "राहू दे तिला. नवं घर नको, आपलं हेच बरं."

पुढच्या वर्षी सुरय आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. राखणदारकाका मात्र हंगामात रोज किनाऱ्यावर जाऊन आभाळाकडे बघत उभे राहतात.

वाचकहो, मुक्या जिवाला एकदा आपलं म्हटलं की शेवटपर्यंत निभावायचं असतं. त्याला नजरेआड सोडून येणं ही दया नव्हे. शिंपीदादांना पश्चात्ताप झाला, खरंच झाला. पण पश्चात्तापाच्या उबेने थंड अंड्यांतून पिल्लं बाहेर येत नाहीत!