रोज संध्याकाळी येणारा फोन

एक पोर कमी पडत होतं.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या डेल्टात, कापसाच्या शेतांमध्ये वसलेल्या आमच्या गावातल्या सरकारी शाळेच्या ऑफिसात त्या सकाळी सगळ्यांची तोंडं उतरली होती. नियम साधा होता. राज्याच्या परीक्षेला शंभरातली पंचाण्णव मुलं बसलीच पाहिजेत. नाही बसली, तर पेपर कसेही जावोत, शाळा नापास. ही शाळा आधीच दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा झाली की राज्याची माणसं येऊन ताबा घेणार, कदाचित कुलूपही लावणार. मग पोरांनी तास-तासभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून परगावी जायचं.

आणि अडलं होतं एका मुलीवर. सहावीतली जेरुशा बेल नाताळच्या सुट्टीनंतर शाळेत फिरकलीच नव्हती. परीक्षेचा आज शेवटचा दिवस.

"टब्सबाई, गाडी काढा आणि तिला घेऊन या," मुख्याध्यापक गेदर म्हणाले. "नाहीच आली, तर पटावरून नाव उडवा. परगावी गेली म्हणायचं. कोण बघायला येतंय?"

"पण सर, ती गावातच आहे."

"मग आणा ना! मी कुठे नको म्हणतोय?"

उपमुख्याध्यापिका व्हर्नेल टब्स याच शाळेत शिकल्या होत्या, त्यांची आईसुद्धा इथेच शिकली होती. नाव उडवणं त्यांना पटत नव्हतं आणि शाळा बुडालेलीही बघवणार नव्हती. गाडी चालवताना त्या मनात एकच घोकत होत्या, देवा, पोरगी येऊ दे, म्हणजे दुसरं काही करायची वेळ यायची नाही.

जेरुशाचं घर गावाच्या टोकाला होतं. दारातच चाकाच्या खुर्चीत तिची आजी बसली होती, गाव जिला आदराने मिस ओडेसा म्हणे ती. साखरेच्या दुखण्यात तिचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला. आत जेरुशा शेगडीवर मक्याची पेज ढवळत होती. बाईंना पाहून ती जागची हललीही नाही.

"मिस ओडेसा, मी शाळेतून आलेय. व्हर्नेल टब्स."

म्हातारीने डोळे मिटले. "परत बोल बरं."

"मी व्हर्नेल टब्स, शाळेतून..."

"अगं बया! म्हणजे तूच ती! रोज संध्याकाळी फोनवर बोलतेस ती!"

बाईंना क्षणभर उलगडाच होईना. मग आठवलं. गैरहजर मुलांच्या घरी शाळेचं यंत्र आपोआप फोन लावायचं. 'नमस्कार. तुमचं मूल आज शाळेत आलं नाही. कृपया शाळेशी संपर्क साधा.' तो निरोप काही वर्षांपूर्वी त्यांच्याच आवाजात भरला होता. त्या विसरूनही गेल्या होत्या.

"ते यंत्र असतं, मिस ओडेसा."

"मला कळत नाही होय? पाय गेलाय, डोकं नाही गेलेलं. पण सांगायला दुसरं होतं कोण? पहिल्या दिवशी म्हटलं, बाई, माझा पाय कापलाय, पोरीची आई दूर मेम्फिस शहरात कामाला असते, जरा सांभाळून घे. तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कुणाला तरी पाठव. तू ठेवलास. मी उलट फोन केला, तर एक दाबा नि दोन दाबा! मग मी रोज तुझ्याशीच बोलायला लागले. गुडघा ठणकतोय, पोरगी पुस्तक उघडून रडत बसते, सगळं सांगितलं. एकदाही पुरतं ऐकलं नाहीस बघ."

म्हातारी हे हसत हसत सांगत होती. बाईंना मात्र कुठे बघावं कळेना. महिनोन् महिने आपल्या आवाजाने या घराची विचारपूस केली होती, आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

"बरं, आज कशी आलीस?" म्हातारीने विचारलं.

"आज... परीक्षा आहे."

"अस्सं. तरीच म्हटलं."

बाईंनी नियम सांगितला, शाळा बंद पडेल तेही सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. "हा नियम कशाला केला, ठाऊक आहे तुला? गुण घसरतील या भीतीने आमच्यासारख्यांची कच्ची पोरं शाळेने कोपऱ्यात लपवू नयेत म्हणून. हिचीसुद्धा मोजदाद व्हावी म्हणून. आणि तुम्ही काय केलंत? मोजायच्या दिवशी तेवढं आलात. दुपारी पेपर संपेल. उद्या येशील न्यायला?"

बाई जेरुशाकडे वळल्या.

"मला त्यातलं काही येत नाही, बाई," जेरुशा पहिल्यांदाच बोलली. "गणितं कुठपर्यंत गेली तेही माहीत नाही. आणि अकराला आजीला इन्सुलिनची सुई द्यायची असते. मी तिथे येऊन काय करू? तुमची खुर्ची भरू?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. अवघी अकरा वर्षांची पोर! न शिकवलेल्या पेपरापुढे हिला बसवायचं, तेही आपली कातडी वाचवायला! त्यांनी तिथूनच फोन लावला.

"सर, ती येणार नाही."

"मग नाव काढा."

"नाही काढणार. ती आपली विद्यार्थिनी आहे. गैरहजर आहे, आणि का गैरहजर आहे ते आज मला कळलं."

"टब्सबाई, शाळा बुडवताय तुम्ही!"

"हो सर. कळतंय मला." फोन ठेवून त्या पायरीवर बसल्या. "सांगा, मिस ओडेसा. आज पुरतं ऐकते."

शाळा नापास झाली. राज्याची माणसं आली, गेदरसरांची बदली झाली. टब्सबाईंची नोकरी राहते की जाते, शाळा उघडी राहते की नाही, आजही कुणी छातीठोक सांगत नाही. पण बाई जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन भांडल्या आणि सकाळी सुई द्यायला नर्स यायला लागली. मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारने दिलेली शिकवणी शाळेत तीननंतर असायची, आणि बसही तीनलाच सुटायची! ती शिकवणी त्यांनी सकाळी घ्यायला लावली. दिवसभर आजीजवळ बसायला चर्चमधल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या.

मे महिन्यातल्या एका सोमवारी जेरुशा वर्गात येऊन बसली. परीक्षा केव्हाच उरकली होती. तिच्या येण्याने शाळेचा एक गुणही वाढणार नव्हता. तरी टब्सबाई दारात तिची वाट बघत उभ्या होत्या.

वाचकहो, शाळांना जाब जरूर विचारा. पोरांच्या वर्षांचा हिशेब मागितलाच पाहिजे. फक्त त्यात एक प्रश्न आपणही घाला, आणि तो आधी स्वतःला विचारा: जे मूल आलं नाही, त्याच्या दारात परीक्षा नसताना कोण गेलं होतं?