कुटुंबप्रमुखाची सही

मी एकशे बाराव्या घराची प्रश्नावली बोलतेय. चौदा पानं, त्र्याण्णव प्रश्न. घरगुती बचतीवरच्या संशोधनासाठी कोल्हापुरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. कागदाला कोण घाबरतंय, म्हणून माणसं माझ्यापुढं भडाभडा बोलतात.

पीएच.डी. करणारी अनुजा मला हुपरीला घेऊन गेली. घर चांदीकाम करणाऱ्या बाबासोंचं. ते बाहेर गेले होते. त्यांची बायको रत्नाबाई पैंजणांना घुंगरू जोडत बसली होती. "काकी, तुमचं नाव कुठंही येणार नाही," अनुजा म्हणाली. पोरगी मनानं वाईट नव्हती.

एकेचाळिसावा प्रश्न माझा लाडका. कुटुंबप्रमुखाला माहीत नसलेली काही बचत आहे का?

रत्नाबाईनं हातातलं पैंजण खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "हाय की. सव्वा किलो चांदी हाय. धा वर्सं दुसऱ्याचं घुंगरू जोडून साठीवलीया. रुचिताला नर्सिंगला घालायचं हाय. पोरीच्या बाला म्हाईत न्हाय."

माझा पुढचा प्रश्न तयारच होता. कुठे ठेवता?

"तांदळाच्या डब्यात, तळाला." सांगताना बाई हसली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिला मोकळं वाटलं. मलाही मजा वाटली.

आता अनुजाच्या सरांचा नियम असा, की प्रत्येक पानावर कुटुंबप्रमुखाची सही हवी, नाहीतर फॉर्म बाद. बाबासो आल्यावर तिनं मला त्यांच्यापुढं धरलं. लोक न वाचताच सही ठोकतात, हा तिचा एकशे अकरा घरांचा अनुभव. पण चांदीच्या धंद्यातला माणूस साधी चिठ्ठीसुद्धा वाचल्याशिवाय घेत नाही. बाबासोंनी चष्मा लावला, चौदाही पानं सावकाश वाचली आणि चौदा सह्या केल्या. "च्या घिऊन जावा की ताई," म्हणाले.

वर्षभरानं दुसऱ्या फेरीला आम्ही पुन्हा तिथं गेलो. कामाच्या खोलीत नवं मशीन बसलं होतं.

"रुचिता कुठाय?" अनुजानं विचारलं.

"लगीन लावून दिलं," रत्नाबाई म्हणाली. एकेचाळिसाव्या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, "न्हाय."

बचत धंद्यात घालताना तुमचं मत घेतलं होतं का, हा माझा शेवटचा प्रश्न. दारात बाबासो उभे होते. "सांग की," ते म्हणाले.

"व्हय," रत्नाबाई म्हणाली.

अनुजाचं पेन थांबलं. तिला सगळं कळलं होतं. तरी तिनं 'होय'पुढं खूण केली.

आता ती डॉक्टर अनुजा आहे. इथल्या बायका स्वखुशीनं आपली बचत धंद्यात घालतात, असं तिच्या प्रबंधात छापलंय. मी कपाटात धूळ खात पडलेय. लाज वाटते म्हणायला हवं, पण नाही वाटत. माझं काम विचारायचं, ते मी केलं.

तुम्हाला एवढंच सांगते. माझ्यासारखी कुणी दारात आली, गोड बोलली, तर तिला बसायला द्या, चहा पाजा. आणि खोटं सांगा.