दगडावरचं पूर्ण नाव

जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या चाळीत अभ्यासिका उभी राहिली, हातभार लावणाऱ्यांची नावं काळ्या दगडावर कोरून दाराशेजारी बसवली गेली, आणि सगळी चाळ खूश झाली. एकटी मानसी त्या दगडाकडे बघायचंही टाळत होती. ती तिथे रोज मुलांना फुकट शिकवायची, म्हणून गुणाजी तावड्यांच्या खालोखाल तिचं नाव होतं. गुणाजी तिचे घरमालक. बाईमाणसाचं नाव अर्धं कसं घालायचं, म्हणून त्यांनी भाडेकरारातलं पूर्ण नाव दिलं होतं: मानसी सर्वेश परब.

त्या मधल्या सर्वेशला, आपल्या नवऱ्याला, टाळण्यासाठीच तर ती वाकोल्याहून पळून आली होती. तिथे त्याने तिला शोधून काढलं होतं आणि भर रस्त्यात हात पिरगाळून मोडला होता. इथे ती नुसती 'मानसी टीचर' होती, आणि तेवढंच तिला हवं होतं.

"काका, माझं नाव काढा ना," ती म्हणाली होती.

"अगो, लाजतंस कित्याक? मान आसा तो!" गुणाजी हसले होते.

खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. नवऱ्याला सोडलेली बाई म्हटलं की लोकांचे डोळे कसे बदलतात, हे तिने पाहिलं होतं. तोवर गुणाजींच्या पुतण्याने, श्रेयसने, पाटीचा फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. तो फॉरवर्ड होत कुणाकुणाकडे गेला असेल, या विचाराने तिला घास गिळवेना. बाहेर कुणी चप्पल सरकवली तरी ती दचकायची.

आज रविवारी तिने बॅग भरली आणि किल्ली द्यायला ती गुणाजींच्या खोलीत गेली. द्यायची होती किल्ली, पण रडत रडत सगळंच सांगून बसली. गुणाजींचा चेहरा उतरला.

"वाट लावलंय मी तुजी," ते म्हणाले.

त्यांची बायको, मालनकाकी, खिडकीतून समोरच्या अभ्यासिकेकडे बघत होती.

"निळो शर्ट, उंच?" तिने विचारलं.

मानसीने दाराच्या फटीतून पाहिलं. सर्वेशच. पाटीसमोर उभा, तिच्या नावावर बोट ठेवून. ती दाराआड सरकली. गुणाजी तावातावाने उठले, पण काकीने त्यांना हातानेच खाली बसवलं. मग पदराचं टोक ओलं करून कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसलं आणि मंगळसूत्र ब्लाउजमध्ये सारलं.

"अगो, काय करतंस काय?" गुणाजी पुटपुटले. ती बाहेर गेलीसुद्धा.

"काकी, ही मानसी परब कुठे राहते?" सर्वेशचा आवाज आला.

"गेली ती, बाबा. गटार तुंबलं होतं ना, लेप्टोच्या तापानं नेली."

"काय बोलताय? पाटी तर नवीन दिसते."

"दगड कोरायला टाकला तेव्हा होती. आता आठवण म्हणून लावली."

तो जागचा हलला नाही. "हे गुणाजी तावडे कुठे भेटतील? त्यांनाच विचारतो."

संपलं, मानसीला वाटलं. गुणाजी तिच्या शेजारीच धडधाकट बसले होते.

"माझे धनी ते," काकी म्हणाली. "त्याच आठवड्यात गेले." तिने मान वर केली आणि मोकळं कपाळ त्याच्यासमोर धरलं. "आता मला विचार काय विचारायचं ते."

सर्वेशने त्या कपाळाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. कोकणातल्या घरात वाढलेला माणूस याच्यापुढे काय विचारणार? थोडा वेळ तो घुटमळला, मग पायऱ्या उतरून गेला.

हे खोटं गणपतीपर्यंतही टिकणार नाही, हे मानसीला कळत होतं. पण पोलीस चौकी गाठायला आजचा दिवस मिळाला होता, आणि या वेळी ती एकटी जाणार नव्हती.

काकी आत आली. पन्नास वर्षांत एकही वटपौर्णिमा न चुकवलेल्या बायकोचं ते कपाळ गुणाजी नुसते बघत राहिले.

"बघतास काय? कुकू हाडा, लावतंय परत," काकी खेकसली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली.