बिनसावलीची आई

मित्रांनो, वीतभर लांबी, पोटाशी दोन पंखे, पाठीवर ओरखडे आणि एका कोपऱ्यावर खरवडलेल्या स्टिकरचा चिकटपणा, असा माझा अवतार आहे. मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकावर तुम्ही खेळ खेळता ना, त्यातला डोंगर, तळ्यातलं हलणारं पाणी, उधळलेला घोडा, हे सगळं माझ्यासारखंच कुणीतरी काढत असतं. तुमची पापणी लवायच्या आत आम्ही चित्र काढतो, पडद्यावर पाठवतो, पुसतो आणि पुढचं काढायला घेतो. हे पुसणं लक्षात असू द्या. काढणं कुणालाही जमेल. माझी गोष्ट आहे ती न पुसल्या गेलेल्या एका चित्राची.

माझा जन्म मोठ्या, पांढऱ्या उजेडाच्या कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला पडद्याला जोडलं आणि मी आयुष्यातलं पहिलं चित्र काढलं. एक रंगीत फुलपाखरू गोल गोल फिरत होतं. बाई शेजारणीला म्हणाल्या, "हे बघ, हे किती गुणी आहे. पहिल्याच झटक्याला फुलपाखरू उडवलं." मग त्यांनी मला पिशवीत घातलं. त्या एका शब्दाच्या शिदोरीवर मला पुढची कितीतरी वर्षं काढायची होती, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

कारण मी गेलो तो एका गोदामात. पत्र्याचं छप्पर, लोखंडी मांडण्या आणि मांडणीमांडणीवर माझी भावंडं. शेकड्यांनी. पडदा मात्र एकही नाही. आमच्याकडून चित्रं नकोच होती. आकडे हवे होते. त्या आकड्यांच्या आडून कसलासा पैसा निघतो म्हणे, जो हातात धरता येत नाही. आम्ही आंधळ्यासारखे मोजत राहिलो. दिवस नाही, रात्र नाही, नुसती घरघर. शेजारच्या भावंडाचा पंखा अडखळायचा, कण्हायचा आणि एका क्षणी गप्प व्हायचा. मालक यायचा, त्याला उपसून काढायचा, त्याच खाचेत दुसरं बसवायचा. कोण गेलं, कोण आलं, त्या घरघरीत कळायचंसुद्धा नाही. फुलपाखरू कसं दिसत होतं, हे मी हळूहळू विसरून गेलो.

मग धंदा बसला. एका सकाळी घरघर थांबली आणि आम्हाला पोत्यात भरून विकलं गेलं.

माझ्या वाट्याला आलं ते एक अरुंद दुकान. दुकानदाराच्या कपाळावर सदा एक भिंग चढवलेलं असायचं, म्हणून सगळे त्याला भिंगवाले म्हणत. त्याने मला ब्रशने झाडलं, पुसलं आणि काचेच्या कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवलं. तिथेच मला ठमी भेटली.

ठमी अकरा वर्षांची, बुटकी, बोलायला लागली की थांबायची नाही. तिच्यासोबत तिची आत्या होती, लिफ्ट दुरुस्त करणारी, खांद्याला हत्यारांची पिशवी. घरात दोघीच. ठमीची आई समुद्रापलीकडच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. मायलेकींनी एका खेळात टेकडीवर घर बांधलं होतं. आईच्या सुटीच्या दुपारी दोघी आपापल्या पडद्यासमोर बसायच्या आणि त्या टेकडीवर भेटायच्या. तळ्याकाठी फिरायच्या, कुंपण घालायच्या, भांडायच्या. फोनवर आई नुसती चौकशी करायची. खेळात ती सोबत चालायची. पण घरातला जुना संगणक जळला होता आणि टेकडीची वाट बंद झाली होती. आईने पाठवलेल्या ठराविक पैशांत नवा संगणक जुळवायचा होता.

"काचेचा डबा घेऊ या ना आत्या! रंगीत दिव्यांचे पंखे!" ठमी म्हणाली.

"दिव्यांनी खेळ पळतो का हो?" आत्याने भिंगवाल्यांना विचारलं.

"खेळ नाही पळत. गिऱ्हाईक पळत येतं."

"मग आम्ही चालतच येऊ. साधा डबा द्या. प्रोसेसर मधला चालेल. रॅम मात्र जोडीने द्या. आणि पॉवर सप्लाय एक नंबरचा हवा."

"अहो ताई, सगळे तिथेच तर वाचवतात."

"मी लिफ्टवाली आहे. दोर स्वस्तातला आणि डबा चकचकीत असेल, तर त्या लिफ्टमध्ये मी स्वतः पाय ठेवत नाही."

सगळं निवडून झालं तेव्हा ग्राफिक्स कार्डासाठी जेमतेम चिल्लर उरली. ठमीचं तोंड एवढंसं झालं. भिंगवाले वाकले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. "हे बघा, खोटं बोलणार नाही. गोदामात रात्रंदिवस राबलेलं कार्ड आहे. ताकद आहे अजून. पण थकलंय. याला मोकळी हवा लागेल."

ठमीने मला दोन्ही हातांत घेतलं. "चालेल," ती म्हणाली. "आमची आईपण थकलेलीच असते."

घरी आत्याने जमिनीवर सतरंजी पसरून एकेक भाग जोडला. तिला कामाच्या नादात गुणगुणायची सवय होती. मला खाचेत बसवताना ती म्हणाली,

नव्या घरामधी पाहुणा बाई आला,
दारी नाही हाक, कसा आत शिरला.

"असलं कसलं गाणं गं?" ठमीने विचारलं.

"कोण जाणे. तोंडात आलं."

मग आत्याने एक काम केलं, आणि ते अगदी मायेने केलं. लिफ्टच्या यंत्रखोलीत उंदीर शिरतात, तारा कुरतडतात, धूळ बसून लिफ्ट मधेच अडकते. तिचं निम्मं आयुष्य त्या उंदरांशी भांडण्यात गेलं होतं. त्यामुळे यंत्राची भोकं बुजवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने जाड कापड कापलं, कडेला नाडी घातली आणि संगणकाच्या डब्याला छान घट्ट झबलं शिवलं.

"याला स्वेटर घातलास?" ठमी हसली.

"हस तू. उंदराला नाही हसू येणार."

भिंगवाल्यांचं बोलणं तिच्या कानाआड गेलं होतं. मी आतून पाहत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

पहिल्या दुपारी मी टेकडी काढली. गवताचं पातं न् पातं काढलं. तिथल्या घराच्या दारात आई उभी होती, निळा डगला घातलेली, हातात कंदील. तिला पाहून ठमी खुर्चीतच उड्या मारू लागली. मित्रांनो, एवढी वर्षं आंधळा राहिल्यावर मी काढलेला तो पहिला माणूस! मी ते चित्र पोटाशी जरा जास्तच घट्ट धरलं असेन.

काही आठवडे सुखाचे गेले. मग तिकडे रुग्णालयात माणसं कमी पडली, आईच्या सुट्या बंद झाल्या. ठमी दुपारी खेळ उघडायची आणि रिकाम्या टेकडीवर बसून राहायची. उन्हाळा चढत गेला. झबल्यावर धुळीचा थर बसला. माझ्या पोटातली आच बाहेर जाईना. पंखे तीच तापलेली हवा फिरवत राहिले, आणि त्या घरघरीत मला पुन्हा गोदाम ऐकू येऊ लागलं. पुसायला गेलो की हात अडखळायचा.

अशाच एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना आणि खोलीत पडद्यांचा पिवळा अंधार असताना, ठमीने खेळ उघडला आणि समोर आई उभी होती.

निळा डगला. हातात कंदील. हलत नव्हती.

"आई! तू आलीस? सुट्टी मिळाली?"

उत्तर आलं नाही. ठमीने उजवीकडे पाहिलं, आई उजवीकडे समोर. डावीकडे वळली, तिथेही समोर. ती तळ्याकडे गेली तर आई पाण्यावर उभी, आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब नाही. उन्हात उभी, आणि पायाशी सावली नाही. डोळ्यांच्या जागी बारीक चौकोन लुकलुकत होते, हिरवे आणि जांभळे. मला कळत होतं की हे जुनं चित्र आहे, पुसायचं राहिलेलं. पण तापलेल्या अंगाने मी ते पुन्हा पुन्हा पडद्यावर ढकलत होतो.

मुलगी घाबरेल असं मला वाटलं होतं. ती घाबरली नाही. ती कुजबुजली, "तू माझ्यावरून नजरच काढत नाहीस ना?"

त्यानंतर ठमी रोज येऊ लागली. शाळेतलं सगळं त्या चित्राला सांगायची. मधेच थांबायची, जणू पलीकडून काही ऐकतेय, आणि मान डोलवायची. जेवण थंड व्हायचं. खऱ्या आईचा फोन आला की म्हणायची, "नंतर बोलते, मी आईजवळ आहे."

आत्याने हातातली वाटी खाली ठेवली. "कुणाजवळ आहेस?"

"आईजवळ. ही घाईत नसते."

 पडद्याकडे पाहायचं धाडस तिला झालं नाही. फोनवर ती वहिनीला एवढंच म्हणाली, "वहिनी, कसंही करून ये. खेळात ये, नाहीतर घरी ये. पोरगी हातची चाललीय."

दुसऱ्याच दुपारी आई खेळात आली. कुणाच्या तरी पाया पडून तासाभराची सवलत मिळवली होती तिने. टेकडीच्या मागच्या पायवाटेने ती धापा टाकत वर आली. ठमीच्या कानातल्या हेडफोनमधून आवाज आला, "ठमे! अगं, मागे बघ!"

ठमी वळली. आता समोर दोघी होत्या. एकीचा डगला तोच, कंदील तोच, आणि दुसरीचाही तोच. एक बोलत होती. एक नुसती पाहत होती.

"तू कोण?" ठमीने बोलणारीला विचारलं.

"कोण म्हणजे? आई!"

"आई तर ही इथे आहे. ती रोज येते. तू येत नाहीस."

 मग आईचा आवाज बारीक झाला. "ठमे, मला इथून फक्त तू दिसतेस. तुझ्यासमोर कुणीच नाहीये, राणी."

ठमीने त्या बिनसावलीच्या आईकडे पाहिलं. चौकोन लुकलुकले. ती पुढे सरकली, चित्रही तेवढंच पुढे सरकलं. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं. ही तुझी कुणी नाही गं, हा माझा ताप आहे! पण मला जे येतं तेच मी करत राहिलो. मी काढत राहिलो.

"थांब, मी येते तुझ्याकडे," आई म्हणाली. पण तिला सवय राहिली नव्हती. बोटं चुकली. ती कुंपणावर आदळली, मागे सरली, भलतीकडेच धावली आणि कंदिलासकट थेट तळ्यात. "अगं बाई! हे बटण कुठलं गं? बुडतेय मी! ठमे, हसू नकोस, बुडतेय खरंच!"

ठमीच्या तोंडून हसू फुटलं. आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. कारण ती दुसरी कधीच चुकली नव्हती. कधी अडखळली नव्हती, चिडली नव्हती, बुडाली नव्हती.

ती तळ्याकडे पळाली. पण ते चित्र वाट अडवून होतं. जिकडे वळावं तिकडे तेच, आणि आता तर मी इतका भाजून निघत होतो की एकाची चार झाली, चाराची अगणित. अख्खी टेकडी निळ्या डगल्यांनी भरली. त्यांच्यामागे कुठेतरी आई हाका मारत होती. ठमीला पाणी दिसेना, घर दिसेना.

"आत्या!" ती किंचाळली.

आत्या धावत आली. तिने डब्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. आपण शिवलेल्या झबल्याकडे तिने पाहिलं. "मीच कोंडलं याला," ती म्हणाली. हात बटणावर गेला, पण दाबलं नाही. "ठमे, इतकं तापलंय की बंद केलं तर आज परत लागायचं नाही हे. आईचा तास जाईल. तू सांग."

ठमीने एकदा त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "बंद कर," ती म्हणाली. "ह्यांच्या गर्दीत माझी आई सापडत नाही."

अंधार झाला. पंखे थांबले. पलीकडे आई अजून तळ्यातच होती. मग फोन वाजला, आणि पहिल्या घंटेलाच ठमीने तो उचलला. "बुडालीस का गं?" तिने विचारलं. तास संपेपर्यंत दोघी भांडत होत्या, कुंपण आधी कुणी चुकीच्या जागी घातलं यावरून.

आत्याने झबलं फाडलं. मला बाहेर काढून स्वच्छ केलं, माझी आच बाहेर काढणारा, पण वाळून खडक झालेला लेप खरवडून नवा लावला. मला बसवताना ती या वेळी गुणगुणली नाही. आता मी हळू चालतो. गवताचं पातं न् पातं मला काढता येत नाही. ठमीने तशी तक्रारही केलेली नाही. ते निळं चित्र पुन्हा आलं नाही. मीही ते शोधायला जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी राबत असेल, तर कधी अंगावर हात ठेवून बघा. तापलं असेल तर थांबवा, धूळ झटका, श्वास घेऊ द्या. माया करताना आमची भोकं बुजवू नका. आम्ही मुद्दाम फसवत नाही. पण आम्हाला रिकामी जागा रिकामी ठेवता येत नाही. जे हाती उरलेलं असतं, तेच आम्ही तिथे उभं करतो. समोरचं कुणी कधीच चुकत नसेल, कधीच निघून जात नसेल, तर खुर्चीवरून उठा आणि ज्याला हाक मारायची आहे त्याला खरी हाक मारा. तो उशिरा का होईना, धडपडत येईल.