ताजबीची खरेदी

अमळनेरजवळच्या खेड्यातून भागाबाई लेकीचा हात धरून धुळ्याच्या कोर्टात आली. नवरा प्लेगात गेला आणि वर्ष सरायच्या आत दीर रुपचंदनं अर्ज ठोकला: आठ वर्षांच्या पुतणीचा गार्डियन मला नेमा. कशाला, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चाळीसगावच्या एका चाळिशीतल्या बिजवराला पोरगी कबूल करून बसला होता मेला!

"गार्डियन म्हंजे काय, भाऊ?" तिनं आपल्या वकिलांना विचारलं.

वकील शब्दांचे भारी हौशी. "मूळ अर्थ पाहणारा, बाई. डोळा ठेवणारा. आगगाडीचा गार्ड त्याच घरातला."

"मंग आठ वरीस मी डोया मिटीसन बठनी व्हती का?"

वकिलांनी अर्जावर बोट ठेवलं. रुपचंदनं अर्जात लिहिलं होतं की या आईनं पोर विकलीय. आणि ते खरंच होतं हो! तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथी जन्मताच भागाबाईनं रीतीप्रमाणे ती शेजारच्या ताजबीच्या ओटीत घातली, बदल्यात एक चिंधी घेतली आणि पोरीचं नावच चिंधी ठेवलं. विकलेल्या लेकराला सटवी हात लावत नाही म्हणतात. पण हे गोऱ्या जज्जसाहेबाला कोण पटवणार? आणि साक्षीला ताजबीच. जीव गेला तरी कुराणाची शपथ घेऊन खोटं बोलणारी नव्हे.

साहेबानं ताजबीला विचारलं, "पोर विकत घेतलीस?"

"हाव. एक चिंधी देईसन लिधी."

रुपचंदनं मिशीवरून हात फिरवला. भागाबाईनं पोरीला पदराआड ओढलं. झालं, संपलं सगळं.

"मंग पोर मनी शे ना, साहेब?" ताजबीनं छातीवर हात ठेवून आवाज चढवला. "मीच ती भागाबाईकडे राखाले ठेयेल शे. आठ वरीसमा तिनी नजर हालनी नही. मनी पोरवर ह्या रुपचंदना काय हक्क?"

भाषांतर करता करता शिरस्तेदार अडखळला. साहेबानं आईच्या पदराआड दडलेल्या चिंधीकडे पाहिलं आणि अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावरही भागाबाईनं पोरीचा हात सोडला नाही. तिच्या मनात आता भलतंच आलं. "ताजबी, तू खरंच मांगशी का हिले?"

"येडी व्हयनी का?" ताजबी खेकसली. "मनी पोर चांगला ठिकाने शे. चाल घर, भुकेली शे ती."